खोडासाठी लावलेलं झाड

अवसरी बुद्रुकच्या शिवारात झाड लावायचं म्हटलं, की कुणी आंबा सुचवतं, कुणी नारळ. मला मात्र अर्जुनसादडा हवा, आणि तो फळाफुलासाठी नव्हे, खोडासाठी.

फेब्रुवारी-मार्चात पानं झडली, की वीस-पंचवीस मीटरचं ते अंग बुंध्यापासून वरपर्यंत उघडं होतं. राखाडी सालीचे पापुद्रे जागोजागी सुटलेले असतात, जुन्या वाड्याच्या चुन्याच्या पोपड्यांसारखे. जिथला पापुद्रा नुकता गळाला, तिथे कोवळी हिरवट झाक, शेजारी फिका गुलाबी. वळवाची सर येऊन गेल्यावर हे रंग इतके गडद होतात, की हात लावल्याशिवाय पुढे जाववत नाही. आत लाकूड दरवर्षी जाड होत जातं, वरची मेलेली साल ताणली जात नाही, म्हणून ती सुटते. याचाच भाऊबंद ऐन. पण तो काळपट, भेगाळलेली साल अंगाला घट्ट धरून असतो.

पाच पंखांची वाळली फळं झाडाखाली मिळतात. दोन-तीन दिवस भिजवून ती पिशवीत लावावीत. पहिली काही वर्षं रोपात पाहण्यासारखं काही नसतं. शेळ्यांपासून राखायचं आणि पाणी द्यायचं, एवढंच. खोडाला रूप यायला वेळ लागतो, आणि तो द्यावा.

भीती आहे ती माणसांची. आयुर्वेदाचार्य वाग्भटाच्या काळापासून ही साल हृदयाचं औषध आहे, आणि तिच्यासाठी उभी झाडं सोलली जातात. एका बाजूची थोडी साल बेतानं काढली तर जखम भरून येते. खोडाभोवती गोल सोलली, तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरतच नाही आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. असं वाळलेलं झाड पाहवत नाही.

सावलीत कांदा पोसत नाही, ही शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे. डिंभे धरणाच्या पाण्यानं इथली इंच इंच जमीन पिकाखाली आली. बांधावर झाडाला जागा मागणं अवघडच. पण हे मुळात नदी-ओढ्याच्या काठचं झाड. ओढ्याची दरड कुणी पेरत नाही, आणि दरवर्षी ती थोडी ढासळते. तिथे याची मुळं माती धरतील, गुरांना दुपारची सावली होईल. वैशाखात खड्डे घेऊन ठेवावेत आणि मृगाच्या पावसाला रोपं लावावीत.