तुझ्या वडिलांना सांग

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठीचा तास शेवटचा असायचा आणि तोही बहुतेक वेळा पी.टी.ला जायचा. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळावर. विषय मात्र ऑपरेटिंग सिस्टीमचा आहे, कारण सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलवर दुसरं काही सुचतं तरी का?

दोन प्रोसेस एकाच मशीनवर चालतात, पण एकीला दुसरीच्या मेमरीत डोकावता येत नाही. एका घरात राहून अबोला, तसला प्रकार. मग निरोप पोचवायचा कसा? (मेसेजलाही निरोप आणि फेअरवेललाही निरोपच म्हणतात, हे मला बारावीत कळलं.) पाइप असतो, पण पाइप म्हणजे नळाचं पाणी. एक निरोप कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते आपणच ओळखायचं. शिवाय दोन्ही टोकं बंद झाली की आत राहिलेलं गेलंच. मेसेज क्यूचं तसं नाही. १९८३ च्या युनिक्स सिस्टीम फाइव्हमध्ये तो होता, म्हणून आजच्या लिनक्समध्येही त्याला सिस्टीम फाइव्हचा क्यू म्हणतात. एक प्रोसेस निरोप टाकते, कर्नल तो आपल्याकडे ठेवून घेतो (हा कर्नल सैन्यातला नव्हे, पण शिस्त तशीच), दुसरी सवडीने उचलते. टाकणारी मधल्या वेळात संपली तरी निरोप शाबूत. मशीन बंद होईपर्यंत किंवा कोणी मुद्दाम क्यू पुसेपर्यंत तो तिथेच पडून राहतो.

याची गंमत आमच्या लॅबमध्ये सगळ्यांनी पाहिली. क्यू उघडायला एक किल्ली लागते, म्हणजे एक आकडा. फळ्यावर उदाहरणादाखल १२३४ लिहिलं होतं, आणि परवानगी ०६६६, म्हणजे आओ जाओ घर तुम्हारा. सगळी बॅच एकाच सर्व्हरवर. झालं! एकाने पाठवलेलं 'हॅलो' तिसऱ्याच रांगेतल्या मुलीच्या स्क्रीनवर, आणि तिचं 'मेसमध्ये आज काय' हे मला. मी खरं उत्तर दिलं, पण ते कोणाला मिळालं देव जाणे. शेवटी 'आयपीसीएस' मारून पाहिलं तर आमच्या आधीच्या बॅचचेसुद्धा निरोप वाट बघत बसलेले.

पण मला खरं अडकवलं ते टाइपने. प्रत्येक निरोपावर सुरुवातीला एक आकडा असतो, तो शून्यापेक्षा मोठा हवा. घेणाऱ्याने शून्य मागितलं तर रांगेतला पहिला निरोप मिळतो. तीन मागितलं तर तीन नंबरवाल्यांतला पहिला. आणि उणे दोन मागितलं तर दोन किंवा त्याहून लहान आकड्यांतला सगळ्यात लहान आधी. थोडक्यात, काय ऐकायचं ते घेणारा ठरवतो.

इथे आमचं घर आलं. मागच्या वर्षी काकाच्या कर्जाला बाबा जामीन राहिले, आईला न विचारता. त्या दिवसापासून दोघं बोलेनात. रात्री जेवून मेसमधून वर आले की फोन यायचा. "तुझ्या वडिलांना सांग, गॅसचा नंबर लावायचाय." दहा मिनिटांनी दुसरा. "तुझ्या आईला सांग, लावला." दोघं बसलेली सांगलीत एकाच हॉलमध्ये, आणि निरोप दोनशे किलोमीटरवरून फिरून जायचे!

मी मनातल्या मनात टाइप लावले होते. एक म्हणजे तब्येत, डॉक्टर, बँकेची तारीख. दोन म्हणजे दूध, गॅस, लाइटबिल. तीन म्हणजे टोमणे. आणि सरळ उणे दोन लावून टाकलं. एक आणि दोन पुढे जायचे, तीन माझ्याकडे राहायचे. "तुझ्या वडिलांना सांग, भावालाच करायला सांगा आता जेवण." नाही सांगितलं. "तुझ्या आईला सांग, तिच्या माहेरचं मी काढलं तर?" तेही नाही.

आता मॅन्युअल काय सांगतं ते बघा. लिनक्समध्ये एका क्यूची मर्यादा, कोणी बदलली नसेल तर, १६३८४ बाइट. कोणीच न उचललेले निरोपसुद्धा त्यात मोजले जातात. तीन नंबरवाले साठत गेले की क्यू भरतो, आणि मग एक नंबरचा, अगदी तातडीचा निरोप घेऊन आलेली प्रोसेससुद्धा दारात ताटकळते. मोठं सॉफ्टवेअर असं तुंबतं तेव्हा वरवर काहीच बिघडलेलं दिसत नाही. सगळ्या प्रोसेस जिवंत, फक्त काम पुढे सरकत नाही. कर्नल बिचारा निरोप वाचत नाही, तो फक्त बाइट मोजतो. मला वाचता येत होतं, एवढाच फरक. रात्री अकराला पुस्तक उघडायचं आणि पानावर दोघांचे आवाज. नोव्हेंबरच्या पेपरांच्या आधी तर फोन वाजला की पोटात गोळा यायचा.

क्यू काढून टाकायची सोय असते. एका हुकमात क्यू जातो, आतले सगळे निरोप जातात, आणि वाट बघत थांबलेल्या प्रोसेसना 'हा क्यू आता नाही' अशी एरर मिळून त्या जाग्या होतात. मी एका रविवारी दोघांना वेगवेगळा फोन करून तेवढंच सांगितलं. "माझ्यामार्फत आता काही नाही. माझी चौकशी करायची असेल तर करा." आई रडली. बाबा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. पुढचे चार दिवस कोणाचाच फोन नाही, आणि ते चार दिवस फार वाईट गेले.

मग त्यांनी स्वतःच सोय काढली: फ्रीजशेजारचं कालनिर्णय! तारखांच्या चौकोनात निरोप. ही मात्र शेअर्ड मेमरी झाली, मेसेज क्यू नव्हे (व्हायवाला हा फरक हमखास विचारतात). क्यूमधला निरोप उचलला की तिथून जातो. कॅलेंडरवरचा वाचला तरी तिथेच राहतो, दोघांनाही दिसतो आणि दुसऱ्या दिवशीही दिसतो. बहुतेक म्हणूनच तिथे तीन नंबरचं कोणी लिहीत नाही. आईच्या अक्षरात 'बी.पी. तपासणे', खाली बाबांच्या अक्षरात 'झाले. १४०/९०', आणि त्याखाली पुन्हा आई, 'मीठ कमी'. शेअर्ड मेमरीला सेमाफोर लागतो, नाहीतर दोघं एकदम लिहून घोळ होतो. आमच्याकडे तो दोऱ्याने बांधलेला बॉलपेन आहे. एकच.

दिवाळीत घरी गेले तेव्हा त्याची रिफिल संपली होती. ती कोणी आणायची यावरून दोघं स्वयंपाकघरात चांगली पाच मिनिटं भांडली. तोंडाने.