‘छान’ म्हणायचं नाही!

मुलांनो, मी प्राथमिक शाळेत शिकवते. जुन्नर तालुक्यातली आमची छोटीशी शाळा, आणि माझ्याकडे दुसरीचा वर्ग. माझ्या पर्समध्ये एक लाल पेन असतं. त्या पेनातून दिवसभरात निदान चाळीस वेळा एकच शब्द बाहेर पडतो : ‘छान’. शुद्धलेखन छान, चित्र छान, मातीचा बैलसुद्धा छान! कधी कधी तर वही उघडायच्या आतच माझा हात ‘छ’ काढायला लागतो. पोरं खूश, पालक खूश, मीही खूश.

या शब्दापायी एकदा माझी चांगलीच फजिती झाली. ती आधी सांगते.

माझी भाची पुण्याला असते. तेव्हा ती नववीत होती. वाचनाचं इतकं वेड की जेवताना पुस्तक, रिक्षात पुस्तक, आणि आमची वहिनी म्हणते त्याप्रमाणे, अंघोळीचं पाणी गार होईपर्यंत पुस्तक. दिवाळीत तिनं मला एक जाडजूड इंग्रजी कादंबरी दिली. म्हणाली, “आत्या, वाच आणि मला सांग.” मी ती कौतुकानं घरी आणली आणि कपाटावर ठेवून दिली. दोन महिन्यांनी तिचा फोन.

“कशी वाटली गं?”

“छान!”

“कोण आवडलं जास्त?”

“ती... नायिका.”

“कुठली? दोन आहेत त्यात.”

झालं! मी गप्प, तीही गप्प. मग हळूच आवाज आला, “आत्या, तू वाचलीच नाहीस ना?” ती रागावली असती तर बरं झालं असतं, पण तिनं नुसता फोन ठेवला.

मे महिन्यात ती आठ दिवस आमच्याकडे राहायला आली, तेव्हा सॅकमध्ये तीन पुस्तकं होती. ती तिनं माझ्यासमोर मांडली आणि अट घातली. तिन्ही वाचायची, शेवटच्या पानापर्यंत. आवडलं ते सांगायचं, नाही आवडलं तेही सांगायचं. “आणि ‘छान’ म्हणायचं नाही!”

सुट्टीच होती. दुपारी पंख्याखाली चटई टाकून मी वाचायला बसले. माझं इंग्रजी काही फार फाडफाड नाही. मोबाइलवर शब्दकोश उघडा ठेवून, अडखळत, पुन्हा मागे जाऊन वाचायचे. पण एक सांगू का? हळू वाचलं की पुस्तकातले खाचखळगे जास्त कळतात, पायी चालणाऱ्याला रस्त्यावरचे कळतात तसे.

पहिलं होतं कॅथरीन रंडेल यांचं ‘इम्पॉसिबल क्रीचर्स’. २०२३ साली इंग्लंडमध्ये आलं. ख्रिस्तोफर नावाचा लंडनचा मुलगा स्कॉटलंडला आजोबांकडे जातो आणि तिथं त्याला बुडणारं एक पिल्लू सापडतं. कसलं? ग्रिफिनचं! म्हणजे अर्धा गरुड आणि अर्धा सिंह. जगाच्या नकाशात न दिसणारी काही बेटं आहेत आणि गोष्टींमधले सगळे प्राणी तिथं अजून जिवंत आहेत, अशी कल्पना. तिथलीच एक मुलगी आहे, मॅल. तिच्याकडे असा कोट आहे की वारा सुटला की तो घालून उडता येतं. वारा नसेल तर मात्र नुसताच कोट! मला ही अट फार आवडली. जादूलासुद्धा काहीतरी लागतं, फुकट काही नाही.

आणि त्या बेटांवरची जादूच हळूहळू आटत चालली आहे. हे वाचत होते तेव्हा बाहेर आमच्या वाडीत टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागली होती. त्यामुळे ‘आटणं’ म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग आवडलं नाही ते काय? बेटं फार झाली. आमच्या एसटीसारखं, थांबा आला की कुणी चढतं, दोन शब्द बोलतं आणि पुढच्या थांब्याला उतरून जातं. काही माणसं इतकी झकास होती की त्यांना खिडकीची जागा देऊन आणखी बसवून घ्यावंसं वाटलं. पण लेखिकेला घाई! भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे तू खरंच वाचलंस.” मग मी सांगून टाकलं की शेवटाकडे रात्री एक वाजता मी रडले. तिनं लगेच विचारलं, “कुठल्या पानावर?” मी पान काढून दाखवलं. तीही तिथंच रडली होती. काय झालं ते तुम्हाला सांगत नाही, तुम्ही वाचा.

या पुस्तकानं मला आणखी एक गोष्ट आठवून दिली. मागच्या वर्षी आम्ही मुलांना शिवनेरीला नेलं होतं. दरवाजावर कोरलेला शरभ बघून एका पोरानं विचारलं, “बाई, हा खराखुरा होता?” मी पटकन म्हणाले, “छे रे, असा प्राणी कधी नसतो!” त्याचा चेहरा एवढासा झाला. आता वाटतं, नुसतं “तुला काय वाटतं?” एवढं विचारलं असतं तर तो गडावरून उतरेपर्यंत बोलत राहिला असता.

दुसरं पुस्तक ‘फोर्थ विंग’, रिबेका यारोस यांचं. हेही २०२३चं. यातली व्हायोलेट आयुष्यभर पुस्तकांत रमायचं ठरवून बसलेली, आणि सेनापती असलेली तिची आई तिला ड्रॅगनस्वारांच्या सैनिकी विद्यालयात ढकलते. तिचे सांधे इतके नाजूक की जरा ताण आला की निखळतात. तरी तिला एका अरुंद, उंच कठड्यावरून चालत जावं लागतं. तोल गेला की संपलं. ही सुरुवात वाचताना मी चटईवर उठून बसले होते, खोटं कशाला बोलू? पण पुढं काय होतं, दर दहा पानांनी नायक किती देखणा आहे हे पुन्हा सांगितलं जातं. अहो, कळलं! एकदा सांगितलंत, पुरे. ड्रॅगन मात्र सगळ्यांत शहाणे निघाले. माणसांपेक्षा तेच नीट बोलतात.

आणि ही कादंबरी मोठ्या माणसांसाठी लिहिलेली आहे. दुकानात ती तुमच्या पुस्तकांशेजारी, तितक्याच सुंदर मुखपृष्ठात उभी असते, म्हणून फसायला होतं. मी भाचीला सरळ विचारलं, “किती वाचलंस?” ती म्हणाली, “अर्धं. मग मलाच अवघडल्यासारखं झालं.” मी ओरडले नाही. म्हटलं, उरलेलं अर्धं कुठं पळून जात नाही, चार वर्षांनी वाच. पुस्तक मैत्रिणीचं होतं, ते पुन्हा सॅकमध्ये गेलं.

आता तिसरं, तिचं सगळ्यांत लाडकं. रिबेका रॉस यांचं ‘डिव्हाइन रायव्हल्स’, तेही २०२३चंच. अशा पुस्तकांमध्ये प्रेमकथा आणि जादू एकत्र असते आणि हल्ली त्यांना ‘रोमँटसी’ म्हणतात. भाचीला वाटत होतं, हे अगदी नवं आहे. मी म्हटलं, बाई गं, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची आहे, आणि अशा कादंबऱ्यांना आपल्याकडे ‘अद्भुतरम्य’ म्हणत आलेत. तिनं तो शब्द दोनदा म्हणून बघितला. आवडला असावा.

तर गोष्ट अशी. आयरिस आणि रोमन एकाच वर्तमानपत्रात काम करतात आणि एकाच जागेसाठी भांडतात. देवांचं युद्ध पेटलंय आणि आयरिसचा भाऊ त्या युद्धावर गेलाय. ती त्याला टाइपरायटरवर पत्रं लिहिते आणि कपाटाच्या दाराखालून आत सरकवते. पत्रं नाहीशी होतात. ती पोचतात कुठं? रोमनच्या कपाटात! आणि तो नाव न सांगता उत्तरं पाठवायला लागतो.

पत्रं खरोखर सुंदर आहेत. मला माझ्या डी.एड.च्या दिवसांतला पोस्टमन आठवला. आयरिस पुढं युद्धाच्या बातम्या लिहायला जाते तो भागही मला पटला. तिथं लढाईचा डामडौल नाही. दवाखाना आहे आणि घरी पाठवायची पत्रं आहेत. पण ज्या देवांसाठी माणसं मरतात ते देव कुठं आहेत? मी शेवटपर्यंत वाट बघितली. नाटकात पडद्यावर डोंगर रंगवतात ना, तसे ते मागे रंगवलेले राहिले.

आणि एक गोष्ट खटकली. पत्रं कोण लिहितंय ते रोमनला ठाऊक असतं. पत्रं कोण वाचतंय ते आयरिसला ठाऊक नसतं. ती मनातलं सगळं लिहून टाकते आणि सकाळी कचेरीत तो समोर बसलेला, सगळं माहीत असलेला! त्याला मनातून अपराधी वाटतं, पुढं तो कबूलही करतो. पण लेखिका त्याला फार स्वस्तात सोडते, असं मला वाटलं.

भाची एकदम उसळली. “आत्या, किती रोमँटिक आहे ते! त्याला तिची काळजी असते.”

आता मला ‘छान’ म्हणून सुटका नव्हती. मग मी तिला माझंच एक गुपित सांगितलं. डी.एड.ला असताना होस्टेलवर कुणीतरी ‘ट्वायलाइट’ आणलं होतं, स्टेफनी मायर यांचं, २००५चं. त्यात एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत शिरून तिला झोपलेली बघत बसतो, आणि तिला ते कळतं तेव्हा ती सुखावते. आम्हा चौघींनी ते पान इतक्या वेळा वाचलं की पुस्तक तिथंच उघडायला लागलं! मलाही ते फार म्हणजे फारच आवडलं होतं.

मग मला पहिली नोकरी लागली, दूरच्या एका गावात. संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर एक माणूस रोज उभा राहायचा. बोलायचा नाही, नुसता बघायचा. मी कुठल्या गाडीनं जाते, शनिवारी किती वाजता सुटते, सगळं त्याला पाठ. मला काही सुखावल्यासारखं झालं नाही. पोटात गोळा यायचा. वर्षभर मी एक थांबा पुढं चालत जाऊन गाडी पकडली. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, सोड नोकरी.

हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. भाची गप्प ऐकत होती. मग पुस्तकाचा कोपरा दुमडत म्हणाली, “माझ्या एका मैत्रिणीच्या क्लासमधला मुलगा आहे ना... तो तिच्या मागून सायकलवर येतो. रोज. तिच्या दप्तरात चिठ्ठ्या टाकतो. सगळ्या तिला म्हणतात, किती लकी आहेस.”

“तिला काय वाटतं?” मी विचारलं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “ती हल्ली लायब्ररीत थांबते. तो जाईपर्यंत.”

रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला, “आत्या, ती मैत्रीण मीच आहे.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

सकाळी मी तिला सांगितलं, हे तुझ्या आईला सांगायला हवं. आणि मी तुझ्या पाठीमागं नाही, तुझ्यासमोर बसून सांगणार आहे. ती संतापली. “तुला सांगायलाच नको होतं!” दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, ताटावर बसूनही नाही. मला वाटलं, कमावलेलं सगळं गेलं. तिसऱ्या दिवशी तिनं आपणच फोन आणून माझ्या हातात दिला. वहिनी आधी रडली, मग भडकली, मग शहाण्यासारखी वागली. दादा क्लासच्या सरांना भेटला, सर त्या मुलाच्या घरी जाऊन आले. पोरगाही पंधरा वर्षांचाच हो! त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं की असं मागं मागं जाणं म्हणजे आवडणं नव्हे. चिठ्ठ्या बंद झाल्या. क्लास सुटला नाही.

मला भाचीचं मत बदलायचं नव्हतं, आणि ते बदललंही नाही. तिला रोमन अजून आवडतो. जाताना एसटीत चढता चढता खिडकीतून ओरडली, “पण त्यानं शेवटी खरं सांगितलं ना, आत्या!” मी खालून ओरडले, “उशिरा सांगितलं!” कंडक्टर आमच्याकडे बघतच राहिला.

जून उजाडला, शाळा सुरू झाली. लाल पेन पुन्हा हातात आलं. पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं विहिरीचं चित्र दाखवलं. माझा हात सवयीनं ‘छ’कडे निघाला, पण मी थांबले आणि लिहिलं, ‘विहिरीतलं कासव मला आवडलं. पण दोर कुठं आहे?’ ती लगेच वही घेऊन पळाली आणि दोर काढून आणला. इतका लांब की तो पानाबाहेर जाऊन मागच्या पानावर गेला होता!

परवा टपालानं एक पुडकं आलं. ‘डिव्हाइन रायव्हल्स’चा दुसरा भाग, ‘रूथलेस व्हाउज’. आत वहीच्या कागदाची खूण आणि त्यावर भाचीचं गिचमिड अक्षर : ‘यात देव जास्त आहेत. पण मला मधे कंटाळा आला. कुठं ते सांगत नाही. तुला कुठं येतो ते लिहून कळव.’

सध्या मी साठाव्या पानावर आहे.