सावित्रीकाठची भाडी

महाडला जाणारा मनुष्य एक तर रायगडाची वाट धरतो, नाही तर 1927 सालच्या सत्याग्रहाने इतिहासात गेलेल्या चवदार तळ्यापाशी थांबतो. आम्ही यंदा मालमोटारी पाहायला चाललो आहोत असे सांगितले, तेव्हा घरची मंडळी हसली. मालमोटार ही काय पाहायची वस्तू आहे? घाटात पुढे आली की चडफडायचे आणि संधी मिळताच मागे टाकायची!

पण महाड हे गाव मुळी मालाच्या ने-आणीवरच वाढले. बाणकोटच्या खाडीतून गलबते सावित्रीत शिरायची. मीठ नि सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून घाट चढायची, वरून धान्य आणि गूळ उतरायचा. तेव्हाही बैल एकाचा, माल दुसऱ्याचा आणि मधे पेठेतला अडत्या. आज बैलांच्या जागी दहा चाकांच्या गाड्या आल्या, आणि माल येतो औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्यांतून. मधला माणूस मात्र आपल्या जागी आहे. त्याच्या पाटीवर आता ‘ट्रान्सपोर्ट’ असते आणि कान मोबाइलला चिकटलेला असतो, इतकेच.

एकाच गाडीच्या धन्याला हा एजंट परवडतो का? पोलादपुरात चहाच्या टपरीवर असा एक धनी भेटला. गाडीही तोच चालवतो.

“एजंट म्हणजे न राबता खाणारा, नाही का?” आम्ही शहरी शहाणपणाने म्हटले.

“साहेब, रिकामी गाडी कधी चालवलीय का तुम्ही?”

मग त्याने हिशेबच मांडला. कळंबोली ते महाड सुमारे 130 किलोमीटर. रिकामी गाडी लिटरला 5 किलोमीटर देते आणि डिझेल 90 रुपये धरले, तर 26 लिटरचे 2340 रुपये नुसते धुरात. शिवाय टायरची झीज, दिवसाचा भत्ता, आणि बँकेचा हप्ता तर गाडी उभी असली तरी चालूच. महाडहून माल मिळतो, अडचण परतीची. कळंबोलीत याला कोण ओळखतो? तिथे एजंटने हजार रुपये कापून घेतले, तरी परतीचे भाडे मिळाले हे लाखमोलाचे.

गावात मात्र गोष्ट निराळी. कारखान्याचे फाटक घरापासून हाकेवर, तरीही एकट्या गाडीवाल्याला तिथे थेट भाडे मिळणे कठीण. कारखान्याला मोठा वाहतूकदार हवा असतो. त्याच्याकडे गाड्या अनेक आणि महिना-दोन महिने उधारी सोसण्याची ताकद. म्हणून तेच भाडे दोन हातांतून गळत खाली येते. आमच्या मते गावातल्या भाड्यासाठी दोन-तीन गाडीवाल्यांनी एकत्र येऊन फाटकाशी बोलावे. परगावी मात्र एजंटला नाके मुरडू नयेत. हल्ली मोबाइलवरच्या अॅपमध्येही भाडी दिसतात. पण पैसे अडले तर अॅपच्या ओटीवर जाऊन ठाण मांडता येत नाही!

एजंट पारखायचा कसा? मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याला परवाना लागतो, तो मागावा. दुसरे, मालाचे खरे नाव विचारावे. महाडच्या पिंपांत काय असेल याचा नेम नाही. धोकादायक माल वाहायचा तर चालकाचे खास प्रशिक्षण झालेले असावे लागते आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. ‘साधाच माल आहे, चल’ म्हणणारा एजंट पुढे पकडले गेल्यावर फोन उचलत नाही.

तिसरी पारख पावसाळ्यात. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल एसटीच्या दोन गाड्यांसकट वाहून गेला. जुलै 2021मध्ये महाड पुरात बुडाले आणि आंबेनळी घाट जागोजागी खचला. कशेडीच्या बोगद्यातून 2023 साली वाहतूक सुरू झाली, तेव्हा खेडकडे जाणारे सुस्कारले. महाबळेश्वरकडे आणि भोरकडे चढणारे घाट अजून पावसाच्या मर्जीवर आहेत. चांगला एजंट माल चढवण्याआधी सांगतो, ‘आज थांब.’ वाईट एजंटचे कमिशन माल चढताच सुटते. पुढे दरड आली तर ती गाडीवाल्याची.

आमच्या दोस्ताच्या गाडीत त्या दिवशी लोखंडी पाइप होते, कळंबोलीच्या एजंटने दिलेले, लोट्याच्या वसाहतीसाठी. म्हणजे स्वतःचे घर ओलांडून पुढे जायचे आणि 50-60 किलोमीटर रिकामे परतायचे. तरी फायद्यात, म्हणाला. थोडे भाडे आगाऊ मिळाले होते. बाकीचे पोच पावती पाठवल्यावर आठवड्याने येणार होते.

“मागच्या खेपेचे आले का?” आम्ही विचारले.

“निम्मे आले,” म्हणत त्याने केबिनचे दार ओढून घेतले.