बघत काय राहिलांत!

धांवून जाणाऱ्या माणसाविषयीं आमच्या मनांत लहानपणापासून मोठा आदर आहे. कीर्तनांत गजेंद्रमोक्षाचें आख्यान लागलें, म्हणजे आमच्या गांवचे बुवा रंगांत येऊन सांगत, कीं भक्ताची हांक कानीं पडतांच देव आहे तसा उठून निघाला. त्या वयांत जें ऐकावें तें रक्तांत उतरतें. संकटांत सापडलेल्याकडे जो धांवतो तो चांगला आणि जो उभा राहतो तो पाषाणहृदयी, एवढा सरळ हिशेब आम्हीं पुढें साठ वर्षें बाळगला. आम्ही स्वतः फारसे कोठें धांवल्याचें आठवत नाहीं. दुसऱ्यास धांवावयास सांगण्याचें काम मात्र अनेकदां केलें आहे.

आमचें बिऱ्हाड शिरगांवीं, म्हणजे बदलापुराच्या पूर्वेस. एका अंगास इमारती, दुसऱ्या अंगास औद्योगिक वसाहत. २०१८ सालच्या आषाढांतली गोष्ट. संध्याकाळचे सात वाजले असतील. पावसाची रिपरिप चालू होती. आम्ही आणि आमचा भाचा भाजी घेऊन परतत होतों, तोंच एक मोटारसायकल घसरून विजेच्या खांबावर आदळली. खांब कलला, एक तार तुटून साचलेल्या पाण्यांत पडली, आणि त्या पाण्यापासून चार हातांवर एक तरुण मांडी धरून ओरडूं लागला. पाहतां पाहतां पन्नास माणसें जमलीं. ‘अरे, धरा कोणी तरी त्याला!’ असा जो एक आवाज उठला, तो आमचा होता. भाच्यानें हातांतली पिशवी आमच्याकडे दिली व विजार गुडघ्यापर्यंत दुमडण्यास आरंभ केला.

कोणीं तरी १०८ क्रमांकावर आधींच कळविलें होतें. रुग्णवाहिका आली, पण खांबाजवळ न येतां तीस-चाळीस पावलें अलीकडेच थांबली. आंतून एक तरुण डॉक्टरीणबाई उतरल्या आणि चक्क उभ्या राहिल्या. त्यांनीं मान वर करून तारा पाहिल्या. पाणी कोठपर्यंत पसरलें आहे तें पाहिलें. हातमोजे चढवतां चढवतां मोडक्या गाडीकडे पाहिलें. ओरडणाऱ्या जखमीकडे त्यांची नजर सर्वांत शेवटीं गेली असें आम्हांस वाटलें. मग त्या एकदम भाच्यावर ओरडल्या, ‘ए दादा, थांब! एक पाऊल पुढें टाकूं नकोस!’

आमच्या अंगाचा तिळपापड झाला. ‘अहो बाई, माणूस तिकडे तळमळतो आहे आणि तुम्ही बघत काय राहिलांत!’

‘काका, बघणें हेंच माझें पहिलें काम आहे. वीज बंद करायला कोणी कळवलंय का?’

पन्नास माणसांच्या हातांत पन्नास फोन होते. कांहींचे तर अपघाताकडे रोखलेलेहि होते. वीज बंद करण्यास मात्र एकानेंहि कळविलें नव्हतें. बाईंनीं आपल्या चालकास तें काम सांगितलें (ह्या गाड्यांच्या चालकास ‘पायलट’ म्हणतात, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें) आणि गर्दीस मागें हटविलें. नंतर आमच्याकडे वळून विचारलें, ‘गाडीवर किती जण होते?’

‘एकच,’ आम्हीं ठासून सांगितलें.

‘मग रस्त्यावर चपला तीन कशा?’

खरोखरच तीन होत्या. दुसरा तरुण गटाराच्या पलीकडे टाकळ्याच्या रानांत पडला होता. त्याच्या तोंडून आवाज म्हणून निघत नव्हता, त्यामुळें पन्नास जणांच्या करुणेंतला एक कणहि त्याच्या वांट्यास गेला नव्हता. वीज तोडल्याची खात्री झाली, आणि मग मात्र बाई धांवल्या. पण ओरडणाऱ्याकडे नव्हे, ह्या मुक्या पोराकडे. गाडींत चढविलें तेव्हां त्याचा श्वास चालू होता. पुढें त्याचें काय झालें हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. रस्त्यावरच्या आमच्या दयेचें आयुष्य तेवढेंच.

पुढें लाजेपोटीं आम्हीं ह्या विद्येची थोडी चौकशी केली. महाराष्ट्रांत १०८ची सेवा २०१४ सालीं सुरू झाली. परंतु जगांत कोठेंहि अशा गाडीवर काम करणाऱ्यास पहिला धडा जखम बांधण्याचा नसतो, थांबून पाहण्याचा असतो. ही जागा माझ्यासाठीं सुरक्षित आहे काय? येथें घडलें काय? माणसें किती? मला आणखी मदत लागेल काय? ह्यांचीं उत्तरें मिळाल्यावर मग रोगी. तुटलेली जिवंत तार जमिनीवर पडली, कीं भोंवतालची भूमीहि विजेनें भारते आणि जसजसें दूर जावें तसतसा तो भार उतरत जातो. म्हणून टांग टाकून चालणाऱ्याच्या दोन पावलांखालीं दोन निरनिराळे दाब असतात आणि वीज एका पायानें चढून दुसऱ्यानें उतरते. पाणी साचलेलें असेल तर विचारावयासच नको. आमचा भाचा टांगा टाकीतच निघणार होता. मोडक्या गाडीकडे पाहण्यांतहि अर्थ होता. कोठें काय वांकलें आहे ह्यावरून शरीरांत काय मोडलें असेल त्याचा अदमास बांधतां येतो. आणि जो ओरडतो त्याचा श्वास निदान चालू असतो. पुष्कळ माणसें जखमी झालीं असतां त्यांची निवड कशी करावी ह्याची एक रीत १९८३ सालीं कॅलिफोर्नियांतील न्यूपोर्ट बीच येथें बसविण्यांत आली. तिची सुरुवात ‘ज्यांना चालतां येतें त्यांनीं त्या बाजूस जावें’ अशी हांक देऊन होते. त्या एका वाक्यानें सुपांतले खडे वेगळे व्हावेत तशीं माणसें वेगळीं होतात. उरलेल्यांचा श्वास, नाडी आणि समज पाहावयाची. तीहि प्रत्येकी अर्ध्या-एक मिनिटांत.

ह्या ज्ञानाचा उपयोग आम्हांस फार लवकर झाला. ३ जून २०२१ रोजीं रात्रीं दहाच्या पुढें शिरगांवच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांतून वायु सुटला. डोळे चुरचुरूं लागले, घशांत कोंडल्यासारखें झालें, आणि काय झालें तें पाहावयास लोक रस्त्यावर उतरले. जिन्याकडे निघालेले आमचे पाय ह्या खेपेस थबकले. सौभाग्यवतींनीं गच्चींतल्या दोरीवरचें लुगडें कोणीकडे उडतें आहे तें पाहिलें, वारा आमच्याच अंगावर येत आहे असें सांगितलें, आणि आम्हीं खिडक्या लावून घेतल्या. तासाभरांत अग्निशामक दलानें गळती थांबविली; सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. शेजारच्या बिऱ्हाडानें मात्र दुसऱ्या दिवशीं आम्हांस भित्रे ठरविलें. तें आम्हीं ऐकून घेतलें.

मग २०२४ सालच्या एप्रिलांत नेवासें तालुक्यांतील वाकडी गांवची बातमी आली. शेणाचा गाळ सांठविलेल्या जुन्या विहिरींत मांजर पडलें. त्याला काढावयास एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, आणि त्याच्यासाठीं तिसरा. अशीं पांच माणसें गेलीं. आणखी एक जण उतरला होता, त्यानें कमरेस दोर बांधला होता. त्याला वर ओढतां आलें, तो वांचला. कमरेस दोर बांधावयास किती वेळ लागत असेल? तेवढ्या वेळांत कांठावरच्या कोणी तरी त्याला म्हटलेंहि असेल, कीं बघत काय राहिलास! आम्ही तेथें असतों तर आम्हींच म्हटलें असतें.

वर्तमानपत्र खालीं ठेवून आम्हीं भाच्यास फोन लावला. तो आतां पुण्यास नोकरीवर असतो.

‘मामा, एवढ्या सकाळीं? काय झालें?’

‘कांहीं नाहीं रे. चहा झाला का तुझा?’