गिलावा

मराठीच्या प्राध्यापकाचा जलतरण तलावाशी संबंध येण्याचे तसे काही कारण नाही. पण आमच्याकडे समितीचा सचिव नेमताना ‘इतिवृत्त नीट लिहील’ एवढाच निकष लावतात. त्यामुळे २०१४ साली तलाव समिती माझ्या गळ्यात पडली.

आमचे महाविद्यालय कोकणात, जांभ्याच्या सड्यावर आहे. फरशा बसवण्याइतका निधी नव्हता, म्हणून तलावाला पांढरे सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचा गिलावा केलेला. पहिली काही वर्षे तो गुळगुळीत राहिला. पुढे भिंती खरखरीत होऊ लागल्या, पोहणाऱ्या मुलांचे तळवे आणि गुडघे सोलवटू लागले, तळाशी तपकिरी डाग पसरले. समितीने तलाव रिकामा करून ॲसिडने धुऊन घेतला. तो पांढराशुभ्र दिसू लागला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच डाग, पुन्हा ॲसिड. आणि खरखर मात्र वाढलेली.

तलावाची देखभाल एका वयस्क शिपायाकडे होती. सारे त्यांना मामा म्हणत. ते मला दोनदा म्हणाले होते, ‘‘सर, पावडर होती तेव्हा भिंत अशी नव्हती. गोळ्या आल्या आणि भिंत बिघडली.’’ ब्लीचिंग पावडर बंद करून क्लोरीनच्या गोळ्या वापरण्याचा ठराव समितीचाच होता. आम्ही त्यांचे बोलणे हसण्यावारी नेले. एवढ्यावर न थांबता, तलाव नीट न घासल्याबद्दल त्यांना ज्ञापन देण्याचे ठरले. मसुदा अर्थातच माझा. प्रथम मी ‘दुर्लक्ष’ असे लिहिले होते. तो शब्द मिळमिळीत वाटला म्हणून खोडला आणि ‘हलगर्जीपणा’ असा केला.

२०१७ साली रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याने सहज म्हणून तलावाचे पाणी तपासले. अशा तलावाच्या पाण्यात कॅल्शियमची कठिणता लिटरमागे साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असावी लागते. आमच्या पाण्यात ती ३० देखील भरली नाही. सामू ७.२ ते ७.८ असावा, तो त्याच्याही खाली. मग त्याने मला समजावून सांगितले. कोकणातले पाणी मृदू. त्यात चुन्याचा अंश फारच थोडा. असे पाणी सिमेंटच्या भिंतीला लागले, की आपल्यात जे कमी आहे ते भिंतीतून ओढून घेते. पाणी चुन्याने तृप्त आहे की भुकेले, हे अजमावण्याचे गणित विल्फ्रेड लँगेलिअर या अमेरिकन प्राध्यापकाने १९३६ सालीच मांडून ठेवले आहे. आमच्या गोळ्या आम्लधर्मी. पाणी निवळावे म्हणून टाकत असलेल्या तुरटीनेही सामू खालीच जाई. ब्लीचिंग पावडरीत निदान थोडे कॅल्शियम तरी होते, आणि तिने सामू उतरत नसे. डाग लोहाचे होते. विहिरीच्या पाण्यात विरघळलेले लोह क्लोरीनने गंजून तळाशी बसे. त्याने क जीवनसत्त्वाची एक गोळी डागावर घासली. तेवढाच गोल पांढरा झाला. ॲसिडने डाग जात, पण प्रत्येक वेळी गिलाव्याचा एक पदर सोबत घेऊन जात.

म्हणजे मामांचे निरीक्षण बरोबर होते. त्यांच्यापाशी ‘सामू’ हा शब्द नव्हता; रोज त्या भिंतीवरून फिरणारा हात होता. माझ्यापाशी शब्द पुष्कळ होते आणि त्यातला सर्वांत जड मी त्यांच्यावर टाकला होता.

यथावकाश उपाय झाले. गोळ्या आणि तुरटी थांबली. खाण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड मोजून पडू लागले. गवंड्याने मोझॅक घासायच्या दगडाने भिंतींची धार तेवढी मोडून दिली. झिजलेला गिलावा मात्र भरून येत नाही. तो कधीतरी नव्यानेच करावा लागणार होता.

ज्ञापनाचे काय करायचे, हा प्रश्न माझ्यापुरता उरला. मी प्राचार्यांना सविस्तर पत्र लिहिले. त्यात समितीची चूक आणि माझा शब्द, दोन्हींची कबुली दिली. ज्ञापन मागे घेतल्याचा कागद निघाला तेव्हा २०१८ चा पावसाळा लागला होता, आणि मामा मे महिन्यातच निवृत्त झाले होते. तो कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. ओटीवर बसून त्यांनी तो सावकाश वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला. क्षमा मागण्यासाठी मी वाटेत जी वाक्ये जुळवली होती त्यांतले एकही धड उमटले नाही.

‘‘आता पावडर घालतात ना?’’ त्यांनी विचारले.

‘‘घालतात,’’ मी म्हणालो.

‘‘मग ठीक आहे. सर, चहा घ्या.’’