मुद्दाम की निसटला?

सर्वप्रथम एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी आठवड्यातून चार तासांचा विषय होता आणि त्यातले दोन तास पीटीच्या सरांनी पळवलेले असायचे. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागात माझं नाव बघून काही जणांना ठसका लागेल, याची मला कल्पना आहे. हा लेख मी रूमीच्या आग्रहाखातर लिहिला आहे. शुद्धलेखन तिनेच तपासलंय, तेव्हा चुका राहिल्या असतील तर त्या तिच्या!

विषय आहे बेसबॉल. थांबा, पान उलटू नका!

आमच्या रूममध्ये आम्ही दोघी सॉफ्टबॉलच्या. म्हणजे शाळेत असताना. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. नावात सॉफ्ट आहे, पण बॉल कसा लागतो ते लागलेल्यालाच विचारावं. मी पिचर होते, म्हणजे क्रिकेटच्या भाषेत बॉलर. रूमी दुसऱ्या शाळेची, मराठी मीडियमची, आणि जबरदस्त बॅटर. इंजिनिअरिंगला आल्यावर दोघींचाही खेळ सुटला. उरली ती अमेरिकेतल्या मॅचेस बघायची सवय. तिकडची रात्रीची मॅच आपल्याकडे पहाटे असते, आणि हॉस्टेलचा वायफाय पहाटेच माणसात असतो. एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री आम्ही लाप्लास सोडून काय बघत होतो, हे आमच्या मार्कलिस्टवरून कोणालाही कळेल.

त्या रात्री मॅच लाइव्ह नव्हती, जुनी क्लिप होती. 29 मे 2017, सॅन फ्रान्सिस्को. वॉशिंग्टन नॅशनल्सचा ब्राइस हार्पर बॅटिंगला, समोर जायंट्सचा पिचर हंटर स्ट्रिकलंड. आठवी इनिंग, दोन आउट, बेसवर कोणी नाही, नॅशनल्स दोन रनने पुढे. स्ट्रिकलंडचा पहिलाच बॉल ताशी 98 मैलांनी, म्हणजे जवळजवळ 158 किलोमीटरने, थेट हार्परच्या कमरेवर. हार्परने बॅट टाकली, पिचरकडे धावत गेला, वाटेत हेल्मेट भिरकावलं, आणि मग दोन्ही संघ मैदानात. नळावरच्या भांडणात असते तशी गर्दी.

क्रिकेटमध्ये बॉल अंगावर लागला तर फार तर लेगबाय. बेसबॉलमध्ये मात्र बॉल लागलेल्या बॅटरला फर्स्ट बेस फुकट मिळतो. पण त्याने बॉल चुकवायचा प्रयत्न करायला हवा, मुद्दाम अंग पुढे केलं तर नाही. आणि पिचरने मुद्दाम मारला असं अंपायरला वाटलं, तर तो पिचरला बाहेर काढू शकतो, किंवा दोन्ही संघांना ताकीद देऊ शकतो. ‘वाटलं तर’ हे महत्त्वाचं. बॉल लाइनच्या आत की बाहेर, हे कॅमेरा सांगतो. माणसाच्या मनात काय होतं हे अंपायरने दोन मिनिटांत ठरवायचं!

तर वाद. नॅशनल्सचे चाहते म्हणत होते, यात विचारायचं काय? 2014 च्या प्लेऑफमध्ये हार्परने याच स्ट्रिकलंडला दोन होमरन मारले होते. त्याचा राग तीन वर्षं सांभाळला आणि आता काढला. शिवाय वेळ बघा. दोन आउट, बेस रिकामे, म्हणजे एक माणूस फुकट फर्स्ट बेसवर गेला तरी फारसं बिघडत नाही. जायंट्सवाले म्हणत, तीन वर्षं कोण लक्षात ठेवतो? दोन रनने मागे असलेला संघ समोरच्याला फुकट बेस कशाला देईल? हार्परला आतला बॉल टाकायचा होता, जरा जास्तच आत गेला. स्ट्रिकलंड स्वतः हेच म्हणाला. यावर नॅशनल्सवाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे बस्टर पोझी, जायंट्सचा कॅचर. बॅटर पिचरच्या अंगावर धावून गेला की त्याला अडवणं हे कॅचरचं पहिलं काम. पोझी जागेवरून हललाच नाही. जणू म्हणत होता, तुझं तू निस्तर.

रूमी नॅशनल्सच्या बाजूने, मी जायंट्सच्या. मी पिचर, मला पिचरची बाजू घ्यायची सवय. मी चक्क रफ वहीत आकडे मांडले. पिचरच्या माउंडपासून होमप्लेट 18.44 मीटरवर. हात पुढे येऊन बॉल सुटतो, म्हणजे साधारण 17 मीटर धरू. सुटताना बॉलची दिशा एका अंशाने चुकली, तर 17 गुणिले टॅन एक अंश, म्हणजे जवळजवळ 30 सेंटिमीटर. एक फूट! प्लेटची रुंदीच मुळी 43 सेंटिमीटर. बॅटर प्लेटला चिकटून उभा असेल, तर एका अंशात स्ट्राइकचा बॉल बरगडीत जातो. आणि चुकवायला बॅटरला मिळतात जेमतेम 0.4 सेकंद.

रूमी इन्स्ट्रुमेंटेशनची. ती म्हणाली, ‘‘एरर रँडम असेल तर दोन्हीकडे जाईल ना? नेमका वैऱ्यालाच कसा लागतो?’’

मी म्हटलं, ‘‘एका रीडिंगवरून एरर रँडम आहे की नाही, ते कसं ठरवशील?’’

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, पण मी बोलले आधी.

शिक्षा म्हणाल तर स्ट्रिकलंडला सहा मॅचेसची बंदी, हार्परला चारची, ती पुढे तीनवर आली. पण या भांडणाची खरी किंमत भरली ती तिसऱ्यानेच. जायंट्सचा मायकेल मोर्स, जो पूर्वी हार्परबरोबर नॅशनल्समध्ये खेळलेला, त्या गर्दीत आपल्याच संघाच्या समार्झावर आदळला. डोक्याला मार बसला. त्यानंतर तो मेजर लीगमध्ये पुन्हा खेळला नाही. ‘मुद्दाम की निसटला’ या वादात त्याचं नाव क्वचितच निघतं.

याच हार्परची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला जास्त छळते. 6 मे 2012. हार्पर तेव्हा एकोणीस वर्षांचा, लीगमध्ये येऊन जेमतेम आठवडा झालेला. फिलाडेल्फियाच्या कोल हॅमल्सने पहिल्याच इनिंगमध्ये त्याच्या पाठीत बॉल घातला. पोरगा काही बोलला नाही. फर्स्ट बेसवर गेला, पुढच्याच्या हिटवर थर्ड गाठलं, आणि हॅमल्सने फर्स्ट बेसकडे थ्रो केला तेवढ्यात धावत येऊन होम चोरलं! याहून चांगलं उत्तर मी तरी पाहिलेलं नाही. त्याच मॅचमध्ये नॅशनल्सच्या झिमरमनचा बॉल हॅमल्सलाही लागला. मॅचनंतर झिमरमन म्हणाला, मुद्दाम नव्हता. हॅमल्स मात्र सरळ म्हणाला की हो, मी मुद्दामच मारला, जुन्या पद्धतीचं बेसबॉल असंच असतं. झालं! हॅमल्सला पाच मॅचेसची बंदी, झिमरमनला काहीच नाही.

म्हणजे ‘निसटला’ म्हणणाऱ्याला संशयाचा फायदा, आणि खरं बोलणाऱ्याला बंदी. बंदी बरोबरच होती, माझं त्याबद्दल म्हणणं नाही. उघड्या पाठीवर नेम धरण्यात मर्दुमकी कसली? पण त्यानंतरचा कुठलाही पिचर खरं बोलताना दहा वेळा विचार करेल, एवढं नक्की.

आणि सगळेच ‘निसटला’ खोटे नसतात. 1920 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर यांकीजच्या कार्ल मेजचा बॉल क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या डोक्यात लागला. तेव्हा हेल्मेट नव्हती. आवाज एवढा मोठा झाला की मेजला वाटलं बॅटलाच लागला. परत आलेला बॉल उचलून त्याने फर्स्ट बेसकडे फेकला. चॅपमन दुसऱ्या दिवशी गेला. मेजर लीगच्या इतिहासात बॉल लागून गेलेला तो एकटाच खेळाडू. मेज 1971 पर्यंत जगला, आणि शेवटपर्यंत सांगत राहिला की मुद्दाम नव्हता. मुळात त्याच्याशी फारसं कोणाचं पटत नव्हतं, त्यामुळे अनेकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. मुद्दाम मारणारा माणूस बॉल उचलून फर्स्ट बेसला फेकेल का? मला नाही वाटत. पण हे मी आज, शंभर वर्षांनी, हॉस्टेलच्या कॉटवर बसून म्हणतेय.

त्या रात्री क्लिप संपली. रूमीने लॅपटॉप बंद केला आणि अंधारात विचारलं, ‘‘आता तू सांग. मुद्दाम मारलास ना?’’

तुम्हाला सांगायचं राहिलं. आठवीत जिल्हास्तरीय फायनलला मी ज्या मुलीच्या मनगटावर बॉल मारला होता, ती म्हणजे माझी रूमी. फर्स्ट इयरच्या पहिल्या आठवड्यात गप्पा मारता मारता आम्हाला हे कळलं, तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. पण हसण्यासारखं एवढं काही नव्हतं. हेअरलाइन फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लॅस्टर. तिचा संघ जिंकला आणि विभागीय स्पर्धेला तिच्याशिवाय गेला. त्यानंतर तिने बॅट फारशी हातात धरलीच नाही. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं, तिच्या आईकडून कळलं.

त्या दिवशी अंपायरने विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, ‘‘निसटला सर.’’ घाम होता हाताला, हे खरं. बाउंड्रीवरून आमच्या सरांनी खूण केली होती, ‘आत टाक’, हेही खरं. आणि आधीच्या वेळी माझ्या बॉलवर लांब हिट मारून थर्ड बेसवर उभी असताना ती मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, ‘‘कॉन्व्हेंटच्या बाहुल्या!’’ हात फिरवताना तो शब्द माझ्या डोक्यात होता. तोही खरा. ‘आत’ आणि ‘अंगावर’ यांच्यात जो एक अंश आहे, त्या अंशात मी काय विचार करत होते, ते मला आठवत नाही. मी खूप प्रयत्न केलाय.

हे सगळं मी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘मी बाहुल्या म्हणाले होते?’’ तिला आठवतच नव्हतं!

एम-थ्रीत दोघींना जेमतेम पासिंग. असो.

गेल्या शनिवारी स्पोर्ट्स रूममधून एक जुना सॉफ्टबॉल आणि बॅट मिळाली. संध्याकाळी ग्राउंडवर गेलो. होमप्लेट म्हणून तिच्या चपला ठेवल्या. ती उभी राहिली, अगदी चपलांना चिकटून, तेव्हा राहायची तशीच. माझा पहिला बॉल दीड फूट बाहेर गेला. दुसराही बाहेर. तिसरा तर मेसच्या कुंपणात! तो आणायला मलाच जावं लागलं. परत आले तर ती बॅट खांद्यावर घेऊन तशीच उभी होती, तिथेच.

‘‘मी इकडे आहे गं,’’ ती म्हणाली. ‘‘आत टाक.’’

मी बॉल पँटला पुसला आणि शिवणीवर बोटं बसवली.