न उघडणारा कागद

गेवराई तालुक्यांतील तलवाडा हें आमचें गांव. त्वरितादेवीचें ठाणें म्हणून तें पंचक्रोशींत सर्वांस ठाऊक आहे. देवी त्वरिता, आम्ही मात्र स्वभावानें मंद. ह्या मंदपणाची एक हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटलें. कारण एकत्र कुटुंबांत ती इतरांसही लागू पडण्याजोगी आहे.

आमचे धाकटे बंधु वारले त्यास तीन वर्षें झालीं. जाण्यापूर्वीं त्यांनीं शेतीसंबंधीं एक टिपण संगणकावर लिहून ठेविलें होतें. विंडोज 10 ची नित्याची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजीं थांबली, तेव्हां नवें यंत्र घेण्याऐवजीं चिरंजीवांनीं जुन्यावरच लिनक्स ही मुक्त प्रणाली बसविली व ते पुण्यास नोकरीवर परतले. पुढें तें टिपण उघडावें तों मराठीच्या जागीं रोमन अक्षरांचा नुसता बुजबुजाट दिसे. भावजयीनें दोनदां विचारलें, “दादा, त्यांच्या कागदांत काय आहे?” दोन्ही वेळां आम्हीं सांगितलें, “यंत्र वाचीत नाहीं.”

उत्तर खोटें नव्हतें. पण तें आमच्या सोयीचें होतें.

खटपट आम्ही करीत होतों. एका जुन्या वहींत टांचण होतें कीं, ब्राउझरला पीडीएफचें प्लगिन जोडावें. तें प्लगिन आम्ही आठवडाभर धुंडाळीत बसलों. सुटींत सूनबाई आल्या, त्या वही पाहून हंसल्या. “मामंजी, फायरफॉक्स 2013 पासून पीडीएफ स्वतःच उघडतो. मार्च 2017 मध्यें त्याच्या 52 व्या आवृत्तीनें फ्लॅशखेरीज असलीं सारीं प्लगिनें नाकारलीं, आणि 2020 सरतांना फ्लॅशही संपला. आपण बुजलेल्या विहिरीवर मोट जुंपली आहे!”

मग त्यांनीं खरें कारण दाखविलें. पूर्वींच्या कित्येक मराठी फाँटांत इंग्रजी अक्षराच्या घरांत मराठी वळण बसविलेलें असे. युनिकोडप्रमाणें प्रत्येक मराठी अक्षरास स्वतंत्र क्रमांक नसे. असा फाँट पीडीएफच्या पोटांत भरला नसेल, तर वाचक यंत्रांतला दुसरा कोणता तरी फाँट घेतो आणि मूळचीं इंग्रजी अक्षरें उघडीं पडतात. बंधूंच्या कपाटांतील एका चकतीवर तो फाँट सांपडला. सूनबाईंनीं तो यंत्रांत ठेविला, ऑक्युलर नांवाचा वाचक पुनः उघडला, आणि पडद्यावर मराठी ओळी उभ्या राहिल्या.

दुसरा कागद शासनाच्या संकेतस्थळावरून 15 रुपये भरून घेतलेला सातबारा होता. तो सुवाच्य होता, परंतु त्यावरील अंकीय सहीची खात्री पटत नव्हती. “सही खोटी आहे काय?” आम्हीं विचारलें. सूनबाई म्हणाल्या, “नाहीं. सही करणाऱ्याची ओळख ज्या मूळ प्रमाणपत्रावर टेकते, तें भारताच्या प्रमाणन नियंत्रकांचें असतें. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 अन्वयें हें पद निर्माण झालें. तें प्रमाणपत्र फायरफॉक्सच्या पेटींत नाहीं, आणि ऑक्युलर त्याच पेटींत पाहतो. नियंत्रकांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच तें घ्यावें. भलत्याच ठिकाणचें घेऊं नये.” तें बसवितांच सही ग्राह्य असल्याची खूण उमटली.

आतां सबब उरली नाहीं. टिपणांत बंधूंनीं लिहिलें होतें कीं, विहिरीलगतचा तुकडा आपल्या पत्नीच्या व मुलीच्या नांवें स्वतंत्र करून द्यावा. सातबाऱ्यावर आमचें नांव होतें, मयत बंधूंचेंही होतें. भावजय व पुतणी ह्यांचीं मात्र नव्हतीं. जमीन महसूल संहिता 1966 प्रमाणें वारसहक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यावयाची असते. 1956 च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें विधवा व कन्या दोघीही प्रथम श्रेणीच्या वारस. घरांतला वडील पुरुष म्हणून ही वर्दी देववणें आमचें काम होतें. तीन वर्षें आम्हीं तें केलें नाहीं. वाटणीचा शब्द घरांत निघूं नये एवढ्याचसाठीं.

त्या सायंकाळीं सर्व मंडळींसमक्ष आम्हीं टिपण मोठ्यानें वाचलें. वाचून झाल्यावर म्हणालों, “यंत्र वाचीत नव्हतें हें खरें, पण आम्हांसही तें वाचावयाचें नव्हतें.” भावजयीनें डोळ्यांस पदर लाविला. थोड्या वेळानें ती सूनबाईंस म्हणाली, “हें उघडावयाचें कसें, तें मला दाखव. पुनः कोणास विचारावयास नको.”

दुसऱ्या दिवशीं वर्दी दिली. तुकडा वेगळा करण्याचें काम अद्याप चालू आहे. घर मोडेल अशी जी भीति आम्हांस वाटत होती ती खोटी ठरली. चूल अजून एकच आहे. संध्याकाळीं भावजय चष्मा लावून संगणकापुढें बसते आणि पतीचें टिपण स्वतः उघडून वाचते. त्या वेळीं आम्ही ओसरीवरच बसतों. आंत जाण्याचें आमच्या मनास होत नाहीं.